सुमनबाईंची बाग आणि दोन कुलपं

कांताकाकूचा फोन आला तेव्हा मी गिरणीच्या फवाऱ्याच्या खोलीत होतो. कोइमतूरकडच्या एका सूतगिरणीत हवेतली ओल राखायचं काम मी करतो. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, ओल वाढली की तेच सूत रुळांना गुंडाळतं. म्हणून भिंतीवरच्या दोन तापमापकांवर डोळा ठेवून पंखे आणि फवारे कमीजास्त करत राहायचं. त्या खोलीत पाण्याचा आवाजच एवढा असतो की फोनवरचं काही कळत नाही. मी बाहेर आवारात आलो. "गजू, सुमनबाई गेल्या रे," काकू म्हणाली. "बागेतून आल्या, ओट्यावर टेकल्या, पानी मांगतलं... अन् गेल्या. अमरावतीले न्याले गाडी बोलावली होती, तिचं कामच नाई पडलं." मी काही बोलायच्या आत, त्याच दमात ती पुढे म्हणाली, "आन् बागेले पानी सोडाचं राह्यलं. दोन दिसात सोडतो म्हनत होत्या."

मरणाच्या बातमीला पाण्याची गोष्ट अशी चिकटून आली, याचं मला नवल वाटलं नाही. मोर्शीकडच्या माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार धरायचा म्हणजे पावसाळा सरल्यावर, थंडी पडली की बागेचं पाणी तोडतात. काळी जमीन हळूहळू भेगाळते, पानं फिकी पडतात, दुपारी वळून द्रोणासारखी होतात. याला ताण देणं म्हणतात. झाड जिवाला घाबरतं आणि फुलायची तयारी करतं. मग नेमकी वेळ ओळखून ताण तोडायचा, म्हणजे आधी हलकं पाणी द्यायचं, मग पुरतं. ती वेळ चुकली तर फूल राहू द्या, झाडच जातं. सुमनबाई गेल्या तेव्हा त्यांची बाग अगदी त्या वेळेच्या उंबऱ्यावर उभी होती. कांताकाकूचं वावर बाईंच्या बागेला लागून आहे, मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. तिला हे माझ्याइतकंच कळत होतं, आणि तिच्या आवाजात रडण्यापेक्षा घाई जास्त होती.

माझा स्वभाव भित्रा. एकदा फवारा बंद केला की दहादा जाऊन बघतो. गाडीतही सगळ्या वाटेनं एकच चाललं होतं डोक्यात, पाणी सोडलं असेल का कोणी? बाईंची आठवण येतच होती, पण ती पानांतूनच येत होती. आता इतके दिवस उलटल्यावर हे लिहायला बसलो आहे तर दुःख खाली बसलंय आणि वर किळस तरंगते आहे. बाईंना ती आवडली असती, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना किळस कळायची. "शी!" हा त्यांचा आवडता शब्द होता. झाडाच्या खोडात खिळा ठोकून लावलेली क्लासची पाटी दिसली, शी! लग्नाच्या मांडवात प्लास्टिकची फुलं, शी! एवढंच म्हणायच्या, भाषण द्यायच्या नाहीत.

त्या अमरावतीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. माहेर अकोल्याचं, सासर आमच्या गावचं, मोर्शीजवळचं. यजमान विनायकराव तरुणपणीच गेले, मूलबाळ नव्हतं. आठवडाभर शाळा आणि रविवारी एसटीनं बाग, असा त्यांचा सगळा जन्म गेला. मी अमरावतीत मामाकडे राहून त्यांच्याच वर्गात शिकत होतो. एके दिवशी त्या पिशवीत संत्र्याच्या डहाळ्या घेऊन वर्गात आल्या आणि पर्समधून नखांना लावायच्या पॉलिशची बाटली काढली. वर्गात असा हशा पिकला म्हणता! पांढऱ्या कपाळाची बाई आणि पर्समध्ये नेलपॉलिश. मागच्या बाकावरचा एक पोट्टा हळूच म्हणाला, "बाई, लिपस्टिकबी हाय काय?" बाईंनी त्यालाच पुढे बोलावलं. "ये, नटवूया तुला," म्हणाल्या, आणि त्याच्या हातात पान देऊन त्याच्याकडूनच पानाच्या उलट्या बाजूला बिनरंगी पॉलिशचा हात फिरवून घेतला. वाळल्यावर चिकटपट्टीनं ती पातळ साय अलगद सोलून काचेवर ठेवली. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. आम्ही रांगेनं डोळा लावला. माझी पाळी आली तेव्हा आधी काहीच दिसेना, मग एकदम ओठ दिसले. बारीक बारीक, शेकडो, अर्धवट उघडलेले ओठ. "हसून झालं?" बाई म्हणाल्या. "आता हे बघा. पानाची तोंडं आहेत ही. प्रत्येक तोंडाला दोन फुगीर ओठ. पाणी भरपूर असलं की ओठ फुगतात आणि मधे फट पडते. पाणी कमी झालं की ढिले पडतात आणि फट मिटते."

मी विचारलं, मग उन्हाळ्यात सारखं मिटूनच का नाही ठेवत? बाईंना प्रश्न आवडला की त्या डोळे बारीक करायच्या. म्हणाल्या, "कारण त्याच तोंडानं ते हवा आत घेतं आणि त्या हवेपासून अन्न करतं. तोंड उघडलं तर पाणी जातं, मिटलं तर उपास घडतो. तहान नि भूक, दोन्ही एकाच दाराशी उभ्या. पान दिवसभर हाच हिशेब करत असतं गजानन, आणि तुमच्यासारखं बोटं मोजून करत नाही." पुढे असंही म्हणाल्या की माती कोरडी पडायला लागली की मुळं वर निरोप पाठवतात, आणि पान सुकायच्या आधीच तोंडं आवरती घ्यायला लागतात. मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरी नेमकं तेच चाललं होतं. वडिलांची कंबर गेली होती, आणि घरातला प्रत्येक जण न सांगता आपापलं तोंड आवरतं घेत होता.

नववीतच माझी शाळा सुटली. बाई घरी आल्या होत्या. वडील खाटेवरून उठायची धडपड करत म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं हाय जी. पन चूल तं पेटली पायजे." बाई बराच वेळ बसल्या, काळा चहा प्यायल्या, उठल्या. दारात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाळा सुटली. बघणं सोडू नको." हरलेल्या माणसासारख्या गेल्या त्या दिवशी. पण सोडलं नाही त्यांनी मला. अठरा पुरी झाल्यावर नांदगाव पेठेच्या एका कापडाच्या कारखान्यात चिकटवून दिलं, ते त्यांनीच. तिथल्या साहेबानं विचारलं, हवेतली ओल म्हणजे काय, समजते काय तुला? मी म्हणालो, पानाची तोंडं उघडी असली की भोवती जे असतं ते. साहेब हसला, पण त्यानं मला ह्युमिडिटी प्लांटवर घेतलं. तिथूनच पुढे इकडे, इतक्या लांब आलो. आज माझ्या घरची चूल पेटते ती त्या नेलपॉलिशच्या सायीवर, हे मी कधी विसरणार नाही.

एका मे महिन्यात त्यांच्यासोबत अकोल्याला गेलो होतो, त्यांच्या भावाकडे. अकोल्याचं ऊन काय सांगावं! दुपारी स्टँडवर उतरलो तर सगळी माणसं टिनाच्या शेडखाली दाटून उभी, रुमालानं तोंडं बांधलेली, आणि बाई सरळ चालत रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. एक पान तोडलं, गालाला लावलं, डोळे मिटले. मग दुसरं तोडून माझ्या गालाला लावलं. एवढ्या आगीत ते पान थंड होतं! "घाम येतोय त्याला," त्या म्हणाल्या. "खोलवर पाणी सापडलंय याच्या मुळांना. तोंडं उघडी आहेत अजून." पुढे फुटपाथच्या सिमेंटमधे गळा आवळलेलं एक झाड होतं. त्याचं पान लावलं तर गरम तव्यासारखं. "हे बघ, याने मिटून घेतलंय." शेडखालचा एक म्हातारा हे सगळं बघून शेजाऱ्याला म्हणाला, "बाईले ऊन लागलं वाटते." बाई त्याला म्हणाल्या, "मला नाही लागलं काका, तुम्हाला लागून राह्यलं. इकडं या." तो आला. मग अजून चारजण आले. त्यांची बस येईपर्यंत कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा राहिली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या बागेसमोरच्या सासरच्या घरात राहायला गेल्या. मी सुट्टीवर गेलो की पहाटे उठून त्यांच्यामागे फिरायचो. ताणाच्या दिवसांत त्यांची एक रीत होती. दुपारचं पान त्या बघायच्याच नाहीत. "दुपारी कोणीही दमतं. सकाळचं पान बघ," म्हणायच्या. रात्रीतून पान सावरून सरळ झालं असेल तर ताण अजून सोसण्यासारखा. सकाळी उजाडतानाही पान वळलेलंच दिसलं, तर मग एक दिवसही थांबायचं नाही. ताण देणं त्यांना मनातून आवडत नसे. "आपण हलकट आहोत रे. उपाशी ठेवून फूल मागतो," असं म्हणत त्या रांगेतून चालायच्या आणि मधेच एखादं पान गालाला लावायच्या. "पण देतोच आहोत तर एक लक्षात ठेव. आपण पाणी देणार आहोत, एवढ्याच बोलीवर हा खेळ आहे. झाडाला बोली कळत नाही. आपल्याला कळते."

मी गावात पोचलो तेव्हा बाईंना अग्नी देऊन झाला होता. घरात सुतक. बाईंचे दीर बाबाराव पाटावर बसलेले, आणि अकोल्याहून आलेला त्यांचा पुतण्या नितीन, म्हणजे बाईंच्या थोरल्या दिरांचा मुलगा, सतरंजीवर फोन बघत बसलेला. बाईंच्या फोटोपुढे दिवा आणि दिव्याजवळ पाण्याचा पेला. नितीन मोठ्या भक्तीनं उठून तो पेला बदलत होता. "काकूंच्या आत्म्याला तहान लागायला नको," असं आलेल्या बायकांना सांगत होता. मी पाया पडलो आणि तसाच बागेत गेलो. विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी आहे. तिला दोन कुलपं होती. एक जुनं, गंजलेलं, बाबारावांच्या गोठ्याचं. दुसरं नवं कोरं, पिवळं, नितीननं येताना आणलेलं.

मला आधी कळेचना. कांताकाकू धुऱ्यावर उभी होती. तिनं सांगितलं. वारस कोण हे ठरलेलं नव्हतं. जो मोटार चालू करेल त्याची वहिवाट लागेल, उद्या तो म्हणेल की बाग मीच पाहत होतो, अशी दोघांनाही एकमेकांची भीती. म्हणून बाबारावांनी सुतकाचं नाव पुढे करून कुलूप घातलं आणि नितीननं फेरफाराचं नाव पुढे करून त्याच्यावर आपलं घातलं. "दोघाईचं कुलूप हाय," काकू म्हणाली, "अन् अक्कल एकाचीबी नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी रांगेत गेलो. पानं वळलेली होती. थंडी, वर दव पडलेलं, आणि पानं तशीच मिटलेली, पिवळट, कागदासारखी. एक गालाला लावलं. सकाळी सगळंच थंड असतं, त्यातून काही कळलं नाही. दुपारी पुन्हा लावलं. तापलेलं होतं. अकोल्याच्या त्या सिमेंटमधल्या झाडासारखं. मी घरी जाऊन बाबारावांपुढे हात जोडले. "बाबारावजी, ताण तोडाले पायजे. सकायचं पान सावरून नाई राह्यलं." ते मिशीत हसले. "अरे, बसू दे ना ताण. जेवढा ताण कडक तेवढं फूल जास्त. वयनी उगाच घाई करे. सुतकात वावरात पाय ठेवत असते काय कोनी?" नितीननं फोनमधून मान वर केली. "गजानन, तू दमून आलायस. चहा घे." एवढंच. मला त्या चहाची अशी किळस आली की कप हातात धरवेना. तरी प्यायलो. मी तिथे कोण? नातं नाही, वाटा नाही, आणि वरून कोइमतूरच्या सुपरवायझरचे मेसेज, परत कधी येतोस म्हणून.

तुम्ही म्हणाल, चार-आठ दिवसांनी काय होतं? मी पण तेच मनाला सांगत होतो. पण मला शाळेत दिसलेले ते ओठ दिसत होते, घट्ट मिटलेले. बाहेर जाणारं पाणी वाचवायचं म्हणून झाडानं दार लावलं, तर अन्नही बंद. ते आता साठवलेल्यावर जगत होतं, पोटाला चिमटा घेऊन. किती दिवस पुरेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. आणि इकडे घरात पाण्याची रेलचेल. भेटायला येणाऱ्यांसाठी बाटल्यांचे खोके उघडले जात होते, लोक दोन घोट घेऊन बाटली ओट्याखाली टाकत होते, आणि अर्ध्या भरलेल्या त्या बाटल्यांवर पाय पडून कडकड आवाज होत होता. ते पाणी ओघळत रस्त्यावर जात होतं. बाग रस्त्याच्या पलीकडेच...

दसव्याला नदीवर गेलो. पिंड मांडले. कावळा शिवला नाही की मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं धरतात. मग नातलग पुढे होऊन वचन देतात, हे करू, ते करू. मी खरं सांगतो, मी त्या कावळ्याच्या भरवशावर होतो. मनात म्हणत होतो, येऊ नको. झाडावर बसून राहा तासभर. मग यांना पाण्याचं वचन देणं भाग पडेल, चारचौघांसमोर. माणसं मागे सरकली न सरकली तोच कावळा आला, एक नाही, तीन आले, आणि पिंड विस्कटून खाऊन गेले. नदीवरचे कावळे, रोजचं जेवण त्यांचं! बाबारावांचा चेहरा उजळला. "पाहा," ते सगळ्यांना म्हणाले, "कायबी इच्छा राह्यली नाई. समाधानानं गेल्या वयनी." मी पुटपुटलो, "पन पान्याचं..." ते माझ्यावर वळले. "इच्छा राह्यली असती तं कावळा शिवला असता काय बे?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. देवाधर्माला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण एका कावळ्याच्या भुकेचा त्यांनी दाखला करून घेतला. मी नदीच्या कडेला जाऊन थुंकलो.

परत आलो तर कांताकाकू धुऱ्यावर काळ्या पाइपचं वेटोळं ओढत होती. "माह्या विहिरीचं पानी माह्या मर्जीनं कुटंबी जाईन," म्हणाली. "धर त्या बाजूनं." धुऱ्याच्या जवळच्या रांगांपर्यंत पाइप पुरला. आम्ही हलकं पाणी दिलं, बाई द्यायच्या तसंच, आळं जेमतेम भिजेल एवढं. काळी माती पाण्यावर आधी तडतडली, मग वास आला. आठ-नऊ झाडं झाली असतील तोच मागून आवाज आला, "हे कोन पानी देऊन राह्यलं?" बाबाराव आणि नितीन, दोघं बरोबर. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा एकत्र चालताना दिसले.

"कब्जा करता काय वो कांताबाई?" बाबाराव म्हणाले.

"कब्जा कराले मले दुसऱ्याचं पानी नाई लागत, माहं देऊन राह्यली," काकू म्हणाली. "झाडं मरून राह्यले, दिसत नाई काय?"

नितीन समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, तुमची भावना मी समजू शकतो. पण हे लीगली बरोबर नाही."

"मंग तुमच्या कागदाले पाजा पानी. तो तरी जगन."

तिनं पाइप सोडला नाही. बाबारावांनीच पुढे होऊन तो आळ्यातून उचलला आणि धुऱ्यापलीकडे फेकला. पाणी काकूच्या हरभऱ्यात जात राहिलं. माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मी निघालो.

पुढचं काकूनं फोनवर सांगितलं. शेजारच्या बाईनं पाणी दिलं म्हणजे उद्या तीच हक्क सांगेल, या धास्तीनं दोघांचं एकदाचं जमलं, आणि तेरवीचं जेवण आटोपल्यावर दोघांनी मिळून आपापलं कुलूप काढलं. पत्रावळींचा ढीग, सांडलेली बुंदी, त्यावर माश्या, आणि त्याच दुपारी बागेत पाट सोडून दिला. हलकं पाणी नाही, काही नाही. पूर सोडल्यासारखं. वरून खताच्या गोण्या. चूक झाकायला माणूस ताटात दुप्पट वाढतो, तसं. बाईंनी एकदा सांगितलं होतं की फार तहानलेल्या संत्र्याचं पान तहानेत जेवढं गळत नाही तेवढं पाणी मिळाल्यावर गळतं. तहान सोसताना झाडानं मनात ठरवलेलं असतं कुठलं पान सोडायचं. पाणी आल्यावर ते सोडून देतं. तसंच झालं. आठवड्याच्या आत बाग उघडी पडली. धुऱ्याजवळच्या तेवढ्या झाडांनी थोडी पानं टाकली, पण तग धरला. बाकीच्यांच्या काड्या राहिल्या.

आणि मग नितीननं मला एक व्हिडिओ पाठवला. अकोल्यात एका हॉलमध्ये बाईंची शोकसभा झाली होती. व्यासपीठावर बाईंचा मोठा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. शी! नितीन पांढऱ्या कुडत्यात माइकपुढे उभा. पडद्यावर बागेचा फोटो दाखवला, उघड्या काड्यांचा. आवाज कातर करून तो म्हणाला, "काकू गेल्या... आणि त्यांच्या बागेनंही पानं गाळली. झाडांनीसुद्धा शोक पाळला." समोर बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. बाईंच्या हाताखाली शिकलेली माणसं असतील त्यांच्यात. बाबाराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले. मी तो व्हिडिओ फवाऱ्याच्या खोलीबाहेर उभा राहून पाहिला आणि मला खरोखर ओकारी आली. त्याच्याखाली कोणी कोणी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. आता गावातही तेच बोलतात म्हणे, बाईसंगं बाग गेली, मुकं झाड असलं तरी माया असते.

हा लेख मी त्यासाठी लिहिला. वाचणाऱ्यांमधे त्या हॉलमधले कोणी असतील तर त्यांना सांगतो. झाडांनी शोक पाळला नाही. त्यांना तहान लागली होती. त्यांनी तोंडं मिटली, उपास काढला, वाट पाहिली, आणि शेवटी मुळं वाचावीत म्हणून पानं सोडून दिली. बाईंच्या मायेनं झालं असतं तर त्यांचं काहीच वाईट झालं नसतं. हे दोन कुलपांनी झालं. ज्यांनी केलं त्यांनी निदान त्याच्यावर बाईंचं नाव तरी लावू नये. चाळीस पोरांच्या वर्गात नेलपॉलिशची बाटली काढून त्या जे दाखवत होत्या ते हेच होतं, की पान काय करतं ते नीट बघा, आपल्या सोयीचं काही त्याच्या तोंडी घालू नका.

गिरणीच्या आवारात एक कडुनिंब आहे. दुपारच्या सुट्टीत मी त्याचं पान गालाला लावून बघतो. इकडची पोरं हसतात, त्यांना मी काही सांगत नाही. परवा तिथूनच कांताकाकूला फोन लावला. ती बागेतच होती. म्हणाली, पेटीला पुन्हा दोन्ही कुलपं लागली आहेत. वाटणीवरून भांडण कोर्टात जाणार, आणि ऊन तर आत्तापासूनच चटके देतंय. "मधल्या झाडाईचं काय?" मी विचारलं. "साल खरडून पाह्यली नखानं. आत हिरवं हाय अजून. मेले नाई रे ते." मग म्हणाली, "म्हनून मी आज पाइप लांबवला. जोड घेऊन आली मोर्शीहून. येऊ दे कोन येते ते."

तिचं कसं होईल, ही धास्ती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकू, धुऱ्याजवळचं एखादं पान तोडून गालाले लावून पाहा ना. भर दुपार हाय, कळन."

"बाई गेली तं आता तू मांगं लागला," ती म्हणाली. तरी चालल्याचा आवाज आला, पाचोळा वाजला, डहाळी ओढल्याचा आवाज.

"गजू," काकू म्हणाली, "थंड लागते रे."